मुका तास

१

डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे बाई गुरुवारी दुपारी तीनच्या आसपास गेल्या. चार वाजता त्यांनी आमचा तास घेतला, आणि तो मी पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत पाहिला.

इन्स्पेक्टरला मी हेच सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"मावशी, दोन्ही खरं कसं असेल?"

"ते तुमचं काम," मी म्हटलं. "मी पाहिलं ते सांगितलं."

तेव्हा मला वाटलं होतं, काय नेमकी साक्ष दिली आपण. त्या नेमकेपणाचा पुढे मला चांगलाच पश्चात्ताप झाला.

मी चौतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले. निवृत्त झाल्यावर दिवस खायला उठला, म्हणून ऑनलाइन पुस्तकबांधणीच्या वर्गात नाव घातलं. दर गुरुवारी चार ते पाच. आम्ही चौदा विद्यार्थी, बहुतेक सगळे वेगवेगळ्या गावांचे. मी एकटीच बाईंच्या गावची, तरी तीन वर्षांत त्यांच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. पडद्यावर दर आठवड्याला भेटणाऱ्या माणसाकडे मुद्दाम उठून जायचं सुचतच नाही.

बाईंचा चेहरा आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. कॅमेरा वरून खाली रोखलेला असे. काळं टेबल, सुई-दोरा, कागद आणि दोन हात. खळीने हाताला पुरळ यायची म्हणून त्या बोटांची टोकं कापलेले पांढरे हातमोजे घालायच्या. काळ्या टेबलावर ते पांढरे हात फिरत आणि कोपऱ्यातून बाईंचा आवाज येई, बस. दर चौथा गुरुवार मात्र मुका तास. त्या दिवशी सगळ्यांचे माइक बंद. बाईंचे हात शिवत जाणार आणि आमचे हात त्यांच्या मागून. शंका असेल तर लिहून विचारायची. हात तो टाका पुन्हा घालून दाखवत आणि शेवटी टेबलावर बोट दोनदा टेकवत. म्हणजे, कळलं का?

तो गुरुवार मुक्या तासाचा होता. हातांनी पट्टी ठेवली, सात सेंटिमीटरवर दाभणाने भोक पाडलं. तो सातचा आकडा मला चष्म्याशिवाय वाचता आला आणि बरं वाटलं. एरवी माप बाई तोंडी सांगत. एकदा कात्रीने दोरा तुटेना. दोनदा प्रयत्न करून हातांनी कात्री बाजूला ठेवली आणि पातं घेतलं. बोथट झाली असेल, म्हटलं. चार चोवीसला मी लिहिलं, "तिसरा टाका कळला नाही." हजेरी ठेवणाऱ्या आमच्या मॉनिटरने उत्तर दिलं, "बाई दाखवतील," आणि हातांनी दाखवला. मग बोट दोनदा टेकवलं, माझ्यासाठी.

पाचला शेवटची गाठ पडली. हात टेबलावर जोडून ठेवले गेले, नेहमीसारखे, आणि चौकट काळी झाली.

पाच दहाला बाईंची मुलगी स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत गेली. माळ्यावरून खाली येणाऱ्या लाकडी जिन्याच्या पायथ्याशी बाई पडल्या होत्या. मान मोडली होती.

डॉक्टर म्हणाले, जबडा आखडलाय, दोन तास तरी झाले असतील. इन्स्पेक्टर म्हणाला, डॉक्टर एक, साक्षीदार चौदा. बाई पाचपर्यंत जिवंत होत्या आणि त्यानंतर घरात मुलीशिवाय कोणी आल्याची खूण नव्हती. त्यातून आदल्या दिवशी मायलेकींचं फोनवर कडाक्याचं भांडण झालेलं. "उद्या येते आणि तुझं हे सगळं बंदच करून टाकते," असं मुलगी म्हणाल्याचं तिने स्वतःच कबूल केलं.

मंगळवारी तिचा मला फोन आला. आवाज बसलेला होता.

"मावशी, शुक्रवारी अकराला बोलावलंय. वकील घेऊन या म्हणालेत. तुमच्या जबाबावर त्यांचा सगळा भर आहे." जरा थांबून ती म्हणाली, "एवढंच विचारायचंय. ती आईच होती हे तुम्हाला नक्की माहीत आहे?"

२

बुधवारी सकाळी मी त्या घरी गेले. तळमजल्यावर छोटा छापखाना, वर बाईंचं घर, त्यावर माळा. छापखान्याचं यंत्र इतकं आवाज करत होतं की मला जिन्यातल्या स्वतःच्या चपला ऐकू येईनात.

मुलगी चाळिशीची, एका कारखान्यात गुणवत्ता तपासणारी. सहा दिवसांत तिने केस विंचरलेले दिसत नव्हते. स्वयंपाकघरातूनच तो जिना वर जात होता, शिडीसारखा उभा. ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

"भांडण कशावरून झालं?" मी सरळ विचारलं. आडून विचारायची मला सवय नाही.

"दरवर्षी होतं तेच. मी म्हणायचे माझ्याकडे राहायला ये, हा जिना एक दिवस तुझा जीव घेईल. ती म्हणायची माझा वर्ग आहे." तिने डोळे पुसले. "शेवटचं काय बोलले मी तिला, तर तुझी ती पुस्तकं आणि तुझी ती पडद्यावरची पोरं. माझं काय होईल ते होवो मावशी, पण ती ह्या रागातच गेली, ते काही माझ्या मनातून जात नाही."

मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, आणि माझ्याबद्दल त्याहून जास्त. मी तिला म्हटलं, "तू कधी आईचा तास पाहिला होतास?"

"कधीच नाही. राग होता माझा त्या तासावर."

"मग आता बघ."

माझ्या टॅबमध्ये वर्गाची सगळी चित्रणं होती. प्रत्येक तास आपोआप साठवला जातो. शेवटचा तास एकदम दाखवायला जीव धजेना, म्हणून मी मागच्या वर्षीचा एक लावला. त्यात बाईंचा आवाजही होता. "आता दोरा ओढा, पण कागदाला दुखेल इतका नाही." मुलीचा हात तोंडावर गेला. आवाज तिच्या आईचाच होता.

मग टेबलावर हात आले. ती वाकून पाहू लागली. तीन-चार सेकंदांत तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं आणि तिने टॅब पालथा घातला.

"काय झालं?"

"मला नाही माहीत. बघवत नाही." तिच्या अंगावर काटा आलेला मला स्पष्ट दिसला. "आवाज तिचा आहे. पण हे हात तिचे नाहीत मावशी. ही माझी आई नाही."

ते चित्रण बाई गेल्या त्याच्या अकरा महिने आधीचं होतं.

३

खाली येऊन मी छापखान्यात बसले. तीन वर्षं मी कुणाच्या हातांकडे बघून शिकत होते?

छापखानावाले सत्तरीचे, कानाने अधू आणि बोलायला उत्सुक. यंत्र बंद करून त्यांनी मला चहा दिला.

"त्या गुरुवारी काही ऐकलंत?"

"ह्या यंत्रापुढे मला माझी बायको ऐकू येत नाही, आणि तिचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही," ते म्हणाले. "दुपारभर छपाई चालू होती. पोरीची किंकाळी मात्र ऐकली. तेव्हा नुकतंच बंद केलं होतं."

"कुणाला येता-जाताना पाहिलंत?"

"जिना मागच्या बाजूला. बाजारभर माणसं गेली तरी मला दिसायची नाहीत." मग त्यांचा आवाज खाली आला. "फार मानी बाई होती. ते टेबल मी दिलं तिला, माझ्या जुन्या अक्षरजुळणीच्या खोलीतलं. कात्रीसुद्धा मीच मागवून दिली, लांबच्या दुकानातून. साधी कात्री तिला चालायची नाही."

"फार मोठी होती का?"

"छे हो. साधीच दिसते," म्हणाले आणि कुणीतरी लग्नपत्रिका घ्यायला आलं म्हणून उठून गेले.

मी पुन्हा वर गेले आणि मुलीला म्हटलं, मला माळा बघायचाय. ती आली नाही. त्या दिवसापासून ती वर चढली नव्हती. पोलिसांनी फोटो काढले होते, पण कशाची जागा हलवली नव्हती.

अकरा पायऱ्या. मी ती खोली तीन वर्षं ओळखत होते आणि तिथे कधीच आले नव्हते. काळं टेबल, वर लोखंडी दांड्याला कॅमेरा. उजवीकडे मेणाचा गोळा, सुयांची उशी, दाभण, कात्री. डावीकडे दिवा. सगळं अगदी पडद्यावरच्यासारखं, जागच्या जागी. खुर्चीच्या पाठीवर हातमोजे वाळत घातलेले. मी खुर्चीत बसले.

आणि बसताक्षणी काहीतरी चुकलं. टेबलाची कडा जिथे वर्षानुवर्षं मनगट घासून गुळगुळीत झाली होती, तो खोलगट भाग माझ्या डाव्या हाताखाली आला. मेणाचे जुने ठिपके सगळे डावीकडे होते, पण मेणाचा गोळा उजवीकडे. दिव्याने तापून लाकडाचा रंग उडालेला वर्तुळाकार डाग उजवीकडे होता, पण दिवा डावीकडे.

मी कात्री उचलली आणि दोरा कापायला गेले. दोरा पात्यांमध्ये दुमडला, तुटला नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चांगली धार असलेली, लखलखीत कात्री. मला त्या गुरुवारचे हात आठवले, दोनदा प्रयत्न करून कात्री ठेवून देणारे.

मग मी ती डाव्या हातात घेतली. दोरा लोण्यासारखा तुटला.

मी माळ्यावरूनच खाली ओरडून विचारलं, "अगं, तुझी आई कुठल्या हाताने लिहायची?"

"डाव्या," खालून उत्तर आलं. "का?"

४

पडद्यावर बाई तीन वर्षं उजव्या हाताने शिवत होत्या.

आमच्या धंद्यात डावं-उजवं चुकलं की माणसाचा चांगला पाय कापला जातो. फिल्म पालथी ठेवली तर डावं फुप्फुस उजवीकडे दिसतं आणि ते तसं दिसतंय हे फिल्मकडे बघून कळत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक फिल्मवर शिशाचं एक अक्षर ठेवतो. अक्षर उलटं दिसलं की फिल्म उलटी. चौतीस वर्षं मी अक्षर बघून मग माणूस बघितला, आणि नेमकं इथे विसरले.

बाईंना ज्याने कॅमेरा लावून दिला त्या संगणकवाल्याला मी तिथूनच फोन केला.

"हो, चित्र उलटं करून ठेवलंय ना," तो सहज म्हणाला. "आरशात दिसतं तसं. बाईंनीच सांगितलं होतं. लहानपणी शिक्षक डाव्या हातावर पट्टी मारायचे त्यांच्या, आणि शिकवणारा प्रत्येक माणूस उजवा. सगळं मनातल्या मनात उलटं करून शिकल्या त्या. म्हणाल्या, माझ्या मुलांना तो त्रास नको, मलाच उलटी करून टाका."

मी टेबलाकडे पाहिलं.

"म्हणजे मग टेबलावर काही लिहिलेलं असेल तर तेही—"

"उलटं दिसणार. म्हणून त्या अक्षर असलेली वस्तू ठेवायच्याच नाहीत. कागद कोरे, पुठ्ठे कोरे. पट्टीसुद्धा पालथी ठेवायच्या."

मी टॅब काढला. जुनी वीस चित्रणं भराभर पाहिली. एकाही तासात एक अक्षर नाही, एक आकडा नाही. इतका कोरा संसार तीन वर्षं डोळ्यांपुढे होता आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग शेवटचा तास लावला. हातांनी पट्टी ठेवली. सातचा आकडा सरळ, स्वच्छ, जसा असावा तसा.

आकडा सरळ, म्हणजे चित्र सरळ. त्या दिवशी जो उजवा हात दिसत होता, तो खरोखरचाच उजवा होता. आणि बाई तेव्हा खाली जिन्यापाशी पडल्या होत्या. मी ज्यांना तिसरा टाका विचारला ते हात त्यांचे नव्हते. माझ्यासाठी दोनदा टेकलेलं ते बोट आठवून मला त्या उन्हाच्या माळ्यावर हुडहुडी भरली.

कुणाचे हात? मी बोटांवर मोजत बसले. मुलीला आई डावखुरी हे माहीत. छापखानावाल्यांना माहीत, कात्रीच त्यांनी आणलेली. संगणकवाल्याने तर चित्र स्वतः उलटं केलेलं. यांच्यापैकी कुणीही त्या कात्रीशी झटापट केली नसती. आणि तास संपल्यावर त्या माणसाने टेबल आवरलं होतं. कुणाला संशय येऊ नये म्हणून प्रत्येक वस्तू जागेवर ठेवली होती. पण कुठल्या जागेवर? पडद्यावरच्या. बाईंना ओळखणाऱ्यांनी त्यांचा तास पाहिला नव्हता आणि तास पाहणाऱ्यांनी बाईंना पाहिलं नव्हतं. हे टेबल आवरणारं माणूस दुसऱ्यांपैकी होतं. आमच्यातलं होतं.

चौदांपैकी तेरा जणांचे कॅमेरे तासभर चालू होते. आपापल्या घरी शिवणारे तेरा जोड हात चित्रणात दिसत होते, माझेही. कॅमेरा बंद असलेली चौकट एकच, मॉनिटरची. ती नेहमीच बंद असे, कारण हजेरी आणि शंका तिच्याकडे. बाईंची सगळ्यांत जुनी, सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. बाईंचं इंटरनेट गेलं तर तास अडू नये म्हणून त्यांच्या नावाने वर्ग उघडायचा पासवर्डही तिच्याकडे. तिचं गाव इथून गाडीने दोन तासांवर.

पण ती तर तासभर लिहीत होती. मी शंकांचं पान उघडलं. तिचे तीनच संदेश: चार अकरा, चार पंचवीस, चार अठ्ठेचाळीस. मग चित्रण त्या त्या मिनिटाला नेऊन पाहिलं.

तिन्ही वेळा दोन्ही हात चौकटीतून बाहेर गेले होते, आणि टेबल रिकामं होतं.

५

इन्स्पेक्टर गुरुवारी साडेतीनला आला. माझ्या सांगण्यावरून त्याने संगणकवाल्याकडे चौकशी केली होती. बाईंचा लॅपटॉप त्या दिवशी उघडलाच नव्हता. वर्ग त्यांच्या नावाने उघडला होता, पण कुठल्यातरी मोबाइलवरून, म्हणून चित्र उलटं झालं नव्हतं.

"मोबाइल कुणाचा ते कळायला दोन दिवस लागतील," तो म्हणाला. "आणि शंकांच्या वेळा जुळणं म्हणजे पुरावा नव्हे, मावशी."

"दोन दिवस हिच्याकडे नाहीत. तुम्ही हिला उद्या अकराला बोलावलंय. आज श्रद्धांजलीचा मुका तास आहे, सगळ्यांना कळवलंय. तुम्ही फक्त बसा."

मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा वर चढली. इन्स्पेक्टरच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी स्टुलावर बसली. मी बाईंचा लॅपटॉप आणि बाईंचाच कॅमेरा लावला, पांढरे हातमोजे घातले आणि बरोबर चार वाजता हात टेबलावर ठेवले.

एकेक चौकट उजळली. तेरावी काळीच होती. माइक सगळ्यांचे बंद. बारा जोड हात आपापल्या टेबलांवर नुसते होते, सुया न घेता. मला फार एकटं वाटलं.

मी एक कागद घेतला, मोठ्या अक्षरांत 'बाई' असं लिहिलं आणि कॅमेऱ्याखाली सरकवला. माझ्या टॅबवर मी तेच पाहत होते जे सगळे पाहत होते. अक्षरं उलटी होती. बारा ठिकाणी हात हलले. कुणीतरी लिहिलं, "मावशी, उलटं दिसतंय."

मी माइक चालू केला. मुक्या तासात तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी बोललं.

"उलटंच दिसणार. बाईंचा कॅमेरा असाच होता, पहिल्या दिवसापासून. बाई डावखुऱ्या होत्या. आपल्याला शिकायला सोपं जावं म्हणून त्यांनी स्वतःला उलटं करून घेतलं होतं. मागच्या गुरुवारी ज्या हातांनी आपल्याला शिकवलं, त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी पट्टी सुलटी ठेवली. डाव्या हाताच्या कात्रीने उजव्या हाताने दोरा कापायला गेले. आणि जाताना सगळं टेबल आवरून उलटं लावून ठेवलं."

खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं. बारा चौकटींतले हात इतके स्थिर होते की चित्र अडकलंय असं वाटावं. इन्स्पेक्टरने घड्याळाकडे पाहिलं.

मग शंकांच्या पानावर मॉनिटरचं नाव उमटलं. तिने लिहिलं होतं:

"मला माहीत नव्हतं."

आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिची चौकट उजळली. वरून लावलेला कॅमेरा, काळं टेबल. उजवीकडे मेणाचा गोळा, सुयांची उशी, दाभण, कात्री. डावीकडे दिवा. त्यावर बोटांची टोकं कापलेले पांढरे हातमोजे घातलेले दोन हात. हे टेबल कुठे संपतं आणि ते कुठे सुरू होतं, मला क्षणभर कळेना.

"मी त्यांना पहिल्यांदाच भेटायला आले होते," आवाज आला. पातळ, तरुण आवाज. "तीन वर्षं मी फक्त त्यांच्या हातासारखा हात व्हावा म्हणून शिवत होते. दुपारी अडीचला पोचले. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, पुढच्या महिन्यात वर्ग बंद करतेय. मी म्हटलं, मला द्या. त्या म्हणाल्या, तुझे टाके माझे आहेत गं, तुझा स्वतःचा हात अजून तयार झालेला नाही, आधी तो शोध. आणि माळा दाखवायला जिना चढायला लागल्या. मी मागून बाही धरली, नाही म्हणू नका म्हणून. त्यांनी झटकली. एवढंच. एवढंच झालं."

"मग डॉक्टरला का नाही बोलावलंत?" इन्स्पेक्टरने पुढे वाकून विचारलं.

नवा आवाज ऐकूनही ती दचकली नाही.

"त्या गेल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसून होते. मग घड्याळ बघितलं तर चारला दहा कमी होते आणि सगळे वाट बघत असणार. तास कधी चुकला नव्हता. वर टेबल उलटं मांडलेलं दिसलं, वाटलं झाडताना हललं असेल, मी सरळ केलं." हात एकमेकांत गुंतले. "बसले तेव्हा पळून जायचा विचार नव्हता. तो मधेच सुचला. तुम्ही तिसरा टाका विचारलात ना मावशी, आणि मी दाखवला आणि तुम्हाला पटलं, तेव्हा. वाटलं, मला जमतंय. कुणालाच कळत नाहीये."

वर जायला तिला बाईंना ओलांडावं लागलं असेल, त्या जिन्याच्या पायथ्याशी. ते मी विचारलं नाही.

"वर्ग का बंद करत होत्या, ते म्हणाल्या का?" हे बाईंच्या मुलीने विचारलं. ती कधी उठून माझ्या खुर्चीमागे आली मला कळलं नाही.

"हो," मॉनिटर म्हणाली. "मुलीकडे राहायला जाणार म्हणाल्या. ती आज येतेय, तिला आज सांगणार आहे. खूश होत्या."

इन्स्पेक्टर फोनवर तिच्या गावचं पोलीस ठाणं लावत खाली उतरला. पडद्यावर तिने एकेक बोट मोकळं करत हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले. आत साधे, तरुण हात होते, नखांशी खळ लागलेले.

६

शुक्रवारी अकराला मुलीला कुणी बोलावलं नाही. ती माळा आवरत होती आणि मी मदतीला गेले होते. दिवा आम्ही उजवीकडे ठेवला, कात्री आणि मेण डावीकडे.

काम संपल्यावर मी टॅब काढला. संगणकवाल्याने मला फोनवर शिकवलं होतं, एका बटणावर चित्र सुलटं करता येतं. ते अकरा महिन्यांपूर्वीचं चित्रण मी सुलटं करून तिच्यापुढे धरलं.

ती बघायला तयार होईना. मग हळूच बघू लागली. काळ्या टेबलावर पांढरे हात आले. डाव्या हाताने सुई उचलली, दोरा मेणावरून ओढला, सुई कागदात घातली. "दोरा ओढा, पण कागदाला दुखेल इतका नाही," बाईंचा आवाज म्हणाला.

मुलगी टॅबच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. तिने ती पदराने पुसली.

"ही," ती म्हणाली. "ही माझी आई."

तास तासाभराचा होता. आम्ही पूर्ण पाहिला.